बावीस चुकलेल्या ओळी

पुरवणीबाई हे नाव शाळेतल्या पोरींनी ठेवलेलं. बाई शिवणकाम-विणकाम शिकवायच्या, पण परीक्षा आल्या की वर्गावर्गांतून पुरवण्या वाटायचं काम त्यांच्याकडे येई. एखादीनं पुरवणी मागितली की बाई आधी तिची उत्तरपत्रिका उलटून बघायच्या. कुठे अर्धं पान कोरं दिसलं तर पुरवणी नाही. आधी आहे ते संपव, मग पुढचं माग. पोरींनी नाव ठेवून सूड घेतला, आणि ते असं चिकटलं की पुढे मुख्याध्यापकसुद्धा तसंच म्हणू लागले, अर्थात बाईंच्या पाठीमागे.

निवृत्तीनंतर बाईंनी धरलेला उद्योगही त्याच जातीचा होता. लोकांची अर्धवट राहिलेली विणकामं त्या पुरी करून देत. माणसं मोठ्या हौसेनं विणायला घेतात. पाठ होते, एक बाही होते, मग घरात आजारपण येतं नाहीतर भांडण होतं, आणि सुया खुपसलेलं ते गाठोडं कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतं. अशी गाठोडी बाईंकडे येत. सोबत लोकर असेल तेवढीच असे, दुकानात तो रंग कधीच संपलेला, म्हणून बाईंनी दोन ट्रंका भरून उरलीसुरली लोकर साठवली होती. सुपारीएवढे गुंडेसुद्धा त्या टाकत नसत. घरात त्या आणि त्यांच्या नणंदबाई अशा दोघीच. नणंदबाईंनी लग्न केलं नव्हतं आणि जिभेला लगाम घातला नव्हता. “वहिनी, दुसऱ्यांचं संपवण्यात जन्म गेला तुमचा,” त्या म्हणत, “स्वतःचं एकदा तरी काही सुरू करा.” बाई म्हणत, सुरू करणारे जगात पुष्कळ आहेत.

बाईंचा एक नियम होता. कुणाचंही काम हातात आलं की सुईवरच्या टोकाकडून थोडं उसवायचं. काम सोडणाऱ्याचा हात शेवटी कंटाळलेला असतो, टाके कुठे सैल तर कुठे घट्ट पडतात, आणि नवा हात तिथेच जोडला तर सांधा जन्मभर दिसत राहतो. म्हणून चांगल्या ओळीपर्यंत मागे जायचं. उसवलेली लोकर धुवायची, वजन लावून टांगायची म्हणजे तिच्या वळ्या जातात, आणि मग पुढे विणायचं. हे त्या कधी कुणाला विचारून करत नसत. यात विचारण्यासारखं काही असतं हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं.

सोमवारी सकाळी एक जुनी विद्यार्थिनी पिशवी घेऊन आली. आता ती पोस्टात काउंटरवर होती. शाळेत हिचा एक रुमाल तीन वर्षं चालला होता आणि तरी शेवटपर्यंत चौकोनी झाला नव्हता, हे बाईंना तिचा चेहरा पाहताच आठवलं. तिच्या आईला सात महिन्यांपूर्वी झटका आला होता. डावी बाजू गेली आणि बोलणं गेलं. इतके दिवस आई शुश्रूषा केंद्रात होती, आता शनिवारी घरी येणार होती. वाचा परत येईल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. आई विणत होती ते पांघरूण शनिवारपर्यंत पुरं व्हायला हवं होतं, आईच्या पलंगावर टाकायला.

बाईंनी पिशवी रिकामी केली. पाच लांब पट्ट्या होत्या, प्रत्येक छत्तीस टाक्यांची. घरातल्या स्वेटरांची उरलेली लोकर आईनं वर्षानुवर्षं जपून ठेवली होती आणि प्रत्येकाच्या लोकरीची एक पट्टी केली होती. तपकिरी वडिलांची, करडी काकांची, पांढरी आजीची, निळी लेकीच्या शाळेची. पाचवी हळदी रंगाची, लेकीच्या अगदी पहिल्या स्वेटरातली, ती अजून सुईवर होती. सोबत हळदी लोकरीचा गुंडा होता, मुठीत मावेल एवढाच. पट्ट्या जोडायच्या, भोवती किनार करायची, ती बाईंच्या ट्रंकेतल्या लोकरीची चालेल, असं सांगून ती कामावर पळाली.

बाईंनी पट्ट्या खिडकीपाशी नेऊन बोटांनी चाचपल्या. चार पट्ट्या आणि पाचवी बरीचशी, एवढ्यात एकही टाका चुकलेला नव्हता. अशी विणणारी त्यांना आयुष्यात दोनदाच भेटली होती. आणि मग शेवटी, सुईच्या खाली, बावीस ओळी अशा होत्या की पाहवेना. टाके गळालेले, डावीकडे आवळत गेलेले, छत्तीसाचे एकतीस झालेले, मध्येच एक भोक. आजारात विणलेलं दिसतंय, बाई मनात म्हणाल्या. बिचारीची लाज राखू या. त्यांनी सुई काढली आणि धागा ओढला. बावीस ओळी उसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. लोकर धुतली, तिची लडी केली, गॅलरीच्या दोरीवर टांगली आणि खाली वजनाला जुनं कुलूप अडकवलं.

बुधवारी दुपारी पोस्टातली पुन्हा आली. हळदी लोकरीचा आणखी एक छोटा गुंडा तिला आईच्या उशीच्या खोळीत सापडला होता. ती खुर्चीत बसली, आणि तिच्या डोक्यामागे, गॅलरीच्या उघड्या दारातून, ती हळदी लडी कुलपासकट हलत होती. बाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या सांगणारच होत्या की लोकर वाळलीय, उद्या सुरू करते.

“बाई, एक सांगायचं राहिलं,” पोस्टातली म्हणाली. “त्या हळदी पट्टीचं टोक चुकलंय. ते तसंच ठेवा.”

बाईंची नजर तिच्या डोक्यामागच्या लडीवर गेली.

“पहिला झटका आला तेव्हा आम्हाला कळलंच नाही. आई आठवडाभर विणत होती, डावा हात चालत नव्हता तरी. मी शेजारीच बसायचे आणि मला दिसलं नाही. मग दुसरा आला. त्या ओळी म्हणजे तिचं शेवटचं आहे. मी रोज घरी आले की त्या भोकात करंगळी घालून बसते.” ती जरा हसली. “वेडेपणा आहे. पण तेवढं ठेवा.”

नणंदबाई उठल्या, गॅलरीच्या दारापाशी गेल्या आणि ऊन फार येतंय म्हणून पडदा ओढून घेतला. आभाळ तर सकाळपासून भरलेलं होतं. बाईंच्या तोंडून एकच शब्द निघाला, “बरं.”

ती गेली. मग नणंदबाई म्हणाल्या, सांगून टाका. बाईंनाही ते कळत होतं. पण त्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा विणकामातलं काहीतरी आवडलं होतं, आणि नेमकं तेच बाईंनी धुऊन वाळत घातलं होतं. हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? चाळीस वर्षं हाताला यश होतं म्हणून मिरवलं, आणि एका सकाळी त्याच हातांनी हे करून ठेवलं. बाईंना स्वतःची इतकी चीड आली की त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत.

गुरुवारी त्यांनी ठरवलं, त्या ओळी पुन्हा विणायच्या. चुकांसकट. आठवत होतं ते कागदावर लिहून काढलं. बावीस ओळी, शेवटी एकतीस टाके, आवळण डावीकडे, भोक मध्याच्या आसपास. मग विणायला बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला चुकताच येत नाही. टाका गाळावा तर तो मोजून गाळल्यासारखा दिसे. भोक पाडावं तर ती नक्षी वाटे. तीनदा विणलं, तीनदा उसवलं, आणि लोकर पुन्हा पुन्हा ओढून विरायला लागली. तेवढीच होती ती. तुटली असती तर ट्रंकेत तो रंग नव्हता.

शेवटी त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं कापडाच्या पट्टीनं आवळून बांधली. हात ओंडक्यासारखा झाला. सुई धरवेना, टाका निसटला की पकडता येईना, आणि पकडायला जावं तर शेजारचा सुटे. घाम फुटला. ती बाई आठवडाभर हे करत होती, आणि तिच्या हाताला काही पट्टी बांधलेली नव्हती, की ती सोडून मोकळं व्हावं. दहाव्या ओळीला बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समोर बसलेल्या नणंदबाई म्हणाल्या, “चूक करायला इतके कष्ट मी पहिल्यांदाच बघतेय.” पण त्या उठून गेल्या नाहीत. बावीस ओळी होईपर्यंत ओळी मोजत बसल्या.

मग बाईंनी पट्टी सोडली, पाच टाके वाढवून पुन्हा छत्तीस केले आणि पुढच्या ओळी मोकळ्या हातानं विणल्या. पट्ट्या जोडल्या, ट्रंकेतल्या अकरा रंगांच्या तुकड्यांची किनार फिरवली. शुक्रवारी संध्याकाळी पोस्टातली बघायला आली. पांघरूण तिनं पाहिलंच नाही म्हणा ना. तिची करंगळी सरळ हळदी पट्टीवर गेली आणि भोक शोधायला लागली. सापडेना. करंगळी डावीकडे सरकली, आणखी सरकली आणि आत गेली.

“मला वाटायचं, जरा मध्यावर होतं,” ती म्हणाली.

“धुतल्यावर लोकर सरकते,” नणंदबाई म्हणाल्या. त्यांना आयुष्यात कधी सुई धरता आली नव्हती.

पोस्टातलीनं मान डोलावली आणि पांघरूण घरी न्यायला पिशवीत भरलं. जाताना तिनं हट्टच धरला की उद्या बाईंनी घरी यायचं, आपल्या हातानं पांघरूण आईला द्यायचं. बाईंनी सांधेदुखीपासून सगळी कारणं सांगून पाहिली. एकही लागू पडलं नाही.

शनिवारी बाई गेल्या तेव्हा आई खिडकीशी खुर्चीत होती. लहान, ताठ बाई. डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला, उजवा खुर्चीच्या दांड्यावर. तिनं बाईंकडे पाहिलं, आणि शिक्षिका असून बाईंनाच वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं. लेकीनं पांघरूण बाईंच्या हाती दिलं आणि दोघींनी ते तिच्या मांडीवर पसरलं. उजवा हात त्यावरून फिरू लागला. तपकिरी, करडी, पांढरी, निळी. किनारीपाशी बोटं थांबली, दोन तुकड्यांची गाठ कुठे लपवलीय ती शोधली, सापडल्यावर पुढे गेली. बाईंना जरा हायसं वाटलं. मग हात हळदी पट्टीवर आला आणि वर सरकत त्या ओळींपाशी पोचला.

हात थांबला. मागे गेला, पुन्हा आला. कपाळाला आठी पडली. एक बोट भोकात गेलं आणि नखानं टाका ओढायला लागलं.

“नको, आई.” लेकीनं तिचं मनगट धरलं. “ते तुझंच आहे. तसंच राहू दे.”

आईनं हात हिसडला. तिची मान कष्टानं वळली, लेकीकडे नाही, बाईंकडे. ओठ हलले, आवाज अडकला, पुन्हा हलले.

“उसव,” आई म्हणाली.

सात महिन्यांनी ती बोलली होती. शब्द जाड, वाकडा होता, पण त्याचा अर्थ विणणारीला दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. लेकीचा चेहरा बाईंना बघवेना. पहिला शब्द आला तो एका परक्या बाईसाठी, आणि तोही तिनं जपलेलं मोडायला सांगणारा.

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. आईच्या तोंडून हुकूम आला होता, बाईंची चूक कायमची झाकली गेली असती. पण त्यांना ते पेलवेना.

“ते तुझ्या आईचं नाही,” बाई म्हणाल्या. “माझं आहे. तिच्या ओळी मी सोमवारीच उसवल्या, तू सांगायच्या आधी. या मी बोटं बांधून विणल्या. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही.”

पोस्टातली त्यांच्याकडे बघत राहिली. मग भोकाकडे बघितलं. काल याच भोकात करंगळी घालून ती रात्रभर समाधानानं झोपली होती, ते आठवलं असावं. तिचे डोळे भरले, आणि ती काहीतरी फार कडवट बोलणार होती, एवढ्यात आईचा हात तिच्या हातावर येऊन आपटला.

“उसव,” आई म्हणाली. या वेळी लेकीला. अगदी कंटाळून, रुमाल चौकोनी न करणाऱ्या मुलीला म्हणावं तसं.

लेक रडत रडतच खाली बसली. “कुठून सुरू करू?” तिनं विचारलं, कुणाकडेही न बघता. बाईंनी तिथली किनार आणि शेजारच्या पट्टीचा सांधा सोडवून टोक तिच्या हातात दिलं. तिनं ओढलं. आईनं उजवा पंजा ताठ पुढे धरला आणि लेक सुटणारा धागा त्यावर गुंडाळत गेली. आधी बाईंच्या चांगल्या ओळी सुटल्या, मग त्या बावीस, अडखळत, गाठी सोडवत. भोक आलं आणि दोन टाक्यांत नाहीसं झालं. लेकीचा हात तिथे क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

शेवटची चुकलेली ओळ सुटली तसा आईचा पंजा मिटला. बास. बाईंनी वाकून पाहिलं. बरोबर तीच ओळ होती, सोमवारी त्या स्वतः जिथे थांबल्या होत्या. त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि छत्तीस टाके एकेक करून लेकीला सुईवर घ्यायला लावले. तिला पाऊण तास लागला, आणि तितका वेळ आईनं धाग्यावरची मूठ सोडली नाही.