पोरीच्या हातावरचा खाऊ

माझ्या नातीचं वजन अंगणवाडीत सगळ्यांत जास्त भरलं, त्या दिवशी मी पेढे वाटले. आमच्या लोधिवली गावात अजून हसतात, हसू दे. पण माझंबी ऐका. माझा पोरगा ल्हानपणी काडीपैलवान. दर वजनाला अंगणवाडीची बाई घरी येऊन आमाला सुनावून जायची. आणि मी शाळेचं तोंड बघितलं नाय, त्यामुळं आमच्या घरात पयला नंबर कुणाचा कधी आलाच नव्हता. नातीचा आला. मंग पयला पेढा घेऊन मी अंगणवाडीच्या ताईकडंच गेलो.

तिनं पेढा हातात धरून विचारलं, "आबा, हा कशाबद्दल?"

मी ऐटीत सांगितलं. ती हसली नाय. बोलली, चार वर्षांच्या पोरीला हे वजन जास्त हाय, दिवसभर खाते काय ही? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, पोरगी काय खातच नाय, ताटावर बसली की दोन घास आणि उठली. आता हे काय खोटं नव्हतं. ताटाबाहेरचं खाणं मी खाण्यात धरतच नव्हतो, एवढंच.

त्याचं काय हाय, सून खालापूरला कंपनीत, पोरगा कर्जतला दुकानात. मी रिक्षा चालवतो, म्हणून अंगणवाडी सुटली की नात माझ्या रिक्षात, माझ्या शेजारी. म्हातारी गेल्यापासून माझ्याशी दिवसभर बोलणारी ती एकटीच. आणि आमच्यात रीत अशी की ल्हान पोर दिसलं की त्याच्या हातावर काय तरी ठेवायचं. ठेवलेलं परत द्यायचं नाय, देणाऱ्याचं मन मोडतं. घरी पाहुणा येणार कधी तरी. रिक्षात दर फेरीला नवे पाहुणे. बाजार करून आलेली मावशी फरसाण द्यायची, मास्तर बिस्किट द्यायचे, कुणी देवाचा लाडू. फेरी कोरडी गेलीच तर मी टपरीवर थांबायचो, "पोरीला भूक लागली" बोलायचो आणि वडा घ्यायचो. अर्धा तिला. मोठा अर्धा कुणाला, ते विचारू नका.

ताईनं सुनेला सांगितलं. सून माझी आवाज चढवत नाय. भाकरी वाढता वाढता बोलली, "आबा, उद्यापासून ती शेजारच्या काकूंकडं राहील. रिक्षात नको."

मी भाकरी ताटात ठेवली. मी बोललो, पुढच्या वजनापर्यंत थांब गं, तोवर बाहेरचा दाणा तिच्या तोंडात गेला तर मंग ठेव काकूंकडं. ती कबूल झाली. ताईचं सांगणं साधं होतं. पोरीला उपाशी मारू नका, जेवण येळेवर, मधे एखादं फळ, आणि सुटल्यावर लगेच रिक्षात कोंबू नका, अंगणात खेळू द्या.

दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या पोराकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, 'पोरीला खायला देऊ नये', आणि काचेला लावलं. मागं बसलेली मावशी बोलली, "आबा, ही काय राणीच्या बागेतली वाघीण हाय?" पण रीत कुठं सुटते. पोरीला द्यायचं नाय तर लोक माझ्या हातावर ठेवायला लागले. मन तर माझ्याच्यानं मोडवत नाय. मी तोंड बाहेर करून गुपचूप चावायचो. नात बघायची आणि बोलायची, "आबा, तुमच्या मिशीला शेव लागलीय." शेवटी माझंबी तोंड बंद केलं. सोपं नाय ते. चौक गावापासून कर्जतपर्यंत एवढ्या टपऱ्या हायत, हे मला तेव्हा कळलं.

पण घरी गंमत झाली. पोरगी ताटावरून उठेना. डाळभात मागून खायला लागली. अंगणवाडीच्या अंगणात पयले दोन दिवस पायरीवर बसून राहिली, पळाली की धाप लागायची. मंग हळूहळू पोरांच्या मागनं धावायला लागली. मी रिक्षा लावून वाट बघत बसायचो.

वजनाच्या दिवशी ताईच्या आधी मीच काट्यापाशी जाऊन उभा राहिलो. ताई बोलली, वजन वाढलं नाय आणि पोरगी उंच होतेय, असंच चालू द्या. सुनेला फोन केला. ती बोलली, "न्या आबा, तुमचीच हाय."

मी रिक्षा पुसली, पुढची सीट झटकली आणि अंगणात जाऊन हाक मारली, चल गं, आपल्याला परवानगी मिळाली. ती लपाछपीत होती. लांबूनच बोलली, "मी नाय येत. रिक्षात आता कोण काय देत नाय."

घ्या. मला वाटत होतं पोरगी माझ्यासाठी येते.

मी तिथंच उभा. रिक्षात तोवर तीन पाशिंजर येऊन बसलेले, त्यांना लोकल गाठायची होती, एक जण हॉर्न दाबत होता. नातीला काय वाटलं कुणास ठाऊक, धावत आली, माझा हात धरून मला भिंतीकडं वळवलं आणि बोलली, "आबा, राज्य तुमच्यावर. डोळे मिटा."

मी पाशिंजरांना हातानंच खूण केली, थांबा, आणि डोळे मिटले.