दिवाकरच्या थेंबामागचा नारिंगी रंग

रविवार, जानेवारी.
कित्येक महिन्यांनी इथे लिहितेय, माफ करा. आणि लिहायची वेळ आली ती ही.

माझा कॉलेजातला मित्र दिवाकर शुक्रवारी सकाळी वाघाच्या हल्ल्यात गेला.

वाक्य लिहून झालं. अजून खरं वाटत नाही.

वडशाच्या एका नाटक कंपनीत तो लाइट करायचा. रात्रभर आमच्या झाडीपट्टी भागातलं नाटक, आणि उजाडताना हा घरामागच्या लाखोळी डाळीच्या शेतात, कॅमेरा घेऊन.

पानाच्या टोकाला दवाचा एक थेंब. त्याच्या मागे लाइटला लावायच्या रंगीत जिलेटिन पेपरचा तुकडा, कपड्यांच्या चिमट्याने काडीला अडकवलेला. फोटोत तो तुकडा विरघळून नुसता रंग व्हायचा.

तुमच्यापैकी अनेकांनी ते फोटो लाइक केलेत. कॅप्शन मी लिहायचे.
तो म्हणायचा, "लय लांब लिवतं तू, मॅडम. तोवर थेंब वाळून जाते."

मित्र त्याला चिडवायचे, "अबे, वाघाच्या जिल्ह्यात राहून पान्याचे फोटो कायले काढतं?"
"वाघाले पाहाले लोकं जिप्सी करून येतात. थेंबाले कोन येते?"

आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पहाटे जंगलाकडे पाठ करून बसायचं नाही, वाकायचं नाही. मोहफुलं वेचणाऱ्या बायकाही एकेकट्या जात नाहीत.
मॅक्रो, म्हणजे इतक्या जवळून फोटो काढणं, नेमकं तेच. पाठ करून, वाकून, हलायचं नाही.

शुक्रवारी दुपारपासून एक फोटो फिरतोय. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा, कुणीतरी मोबाइलने काढलेला. थेंब, मागे नारिंगी धूसर रंग, त्या रंगाभोवती कुणीतरी काढलेला लाल गोल. खाली लिहिलंय, मरण्याआधी टिपलेला वाघ.

कमेंट्स: "हौस नडली." "एका फोटोपायी जीव घालवला."

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही वाघच दिसला. काळे पट्टेसुद्धा दिसले. हे लपवत नाही.

काल त्याच्या घरी गेले. भेटायला आलेली माणसं उठल्यावर रंजनाने, त्याच्या बायकोने, पंचनाम्यानंतर परत मिळालेला कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला.

"ताई, त्याहिले वाघ दिसला होता का जी? लोकं काय म्हणतात ते जाऊ द्या. ते भेले असतीन का, तेवढंच मले सांगा."

मी मागच्या फ्रेम्स पाहिल्या.
तेच पान, तोच थेंब. मागे निळा रंग.
मग गुलाबी.
मग नारिंगी. तो शेवटचा.

रंजनाने गुलाबीवर बोट ठेवलं. "हा बी वाघच का?"
शेजारी बसलेल्या तिच्या सासूला हसू आलं, आणि त्या हसण्यातच त्यांना रडू फुटलं.

मी शेवटचा फोटो झूम केला.
थेंबामागे जे असतं ते थेंबात उलटं, पण स्पष्ट दिसतं. त्यात एक नारिंगी चौकोन होता. चिमटा होता. काळे पट्टे म्हणजे गवताची पाती. पलीकडे अख्खं गाव उलटं, पाण्याची टाकी खाली लोंबलेली.

वाघ नव्हता.

मी तिला एकेक गोष्ट दाखवली. पण खोटा दिलासा देववेना.
"रंजना, थेंबात त्याच्या पलीकडचं गाव दिसतं. दिवाकरच्या पाठीमागे जंगल होतं, ते यात नाही. हा फोटो काढल्यावर काय झालं ते मला माहीत नाही."

तिने कॅमेरा उलटा फिरवून ती टाकी सरळ करून पाहिली.

"हा फोटो काढला तवा तं भेले नव्हते ना?"
"नाही."
"मंग झालं."

तिचं झालं का, कोण जाणे. माझं नाही झालं. कालपासून मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडतेय. मागचा रंग इतका मऊ, आणि थेंबाची कडा इतकी शार्प. हात जरासुद्धा हललेला नाही.

दिवाकर, नीट जा रे.

उद्याचं काम: तो लाल गोल ज्या ज्या ग्रुपवर आहे, तिथे निळा आणि गुलाबी फोटो टाकायचे. रंजना हो म्हणाली आहे.