माय मदर इज ह्यूज

लेकीला आत नेल्यापासून मी दवाखान्याच्या बाकावर बसतेय, उठतेय. नात शाळेचा अभ्यास घेऊन बसलीय. "आजी, 'ह्यूज'चं वाक्य सांग ना."

मी लहान असताना भाजे गावच्या शाळेत बाईंनी हेच विचारलं होतं. कुणी हत्ती सांगितला, कुणी लोहगड. मी म्हटलं, "माय मदर इज ह्यूज." वर्ग खदाखदा हसला.

"असं का गं?"

"आई बाळंत व्हनार हाय, बाई. सकाळधरनं कळा येत्यात."

हसू थांबलं. सगळा वर्ग कान देऊन बसला. बाळ जन्मलं की वाजवतात ती काशाची थाळी पलीकडं आमच्या घरात वाजली, तशा बाई ओरडल्या, "पळ!"

नातीला तेच वाक्य सांगितलं. तीही हसली.

समोरचं दार बंदच आहे. इथं थाळी वाजवत नाहीत. मग मी पळायचं कधी?