फुटलेली कड

एकोणीसशे नव्वदच्या दशकाअखेरीस मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. तपासणी समिती येणार होती, म्हणून विभागाचं छोटं संग्रहालय लावायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक सँड डॉलर होता. समुद्री साळूच्या कुळातला हा चपटा प्राणी, पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी. आमच्या संग्रहातला कोट्यवधी वर्षांपूर्वी मरून दगड झालेला. आमच्याकडे सगळा काळा कातळ, त्यात असलं काही मिळत नाही. विभागप्रमुख सरांनी तो तरुणपणी कच्छहून आणला होता आणि चिठ्ठीवर जातीचं नावही त्यांनीच लिहिलं होतं.

ती जात मागच्या कडेवरच्या दोन उघड्या खाचांवरून ओळखतात. तिच्या जवळच्या जातींमध्ये त्याच जागी दोन बंद भोकं असतात.

चित्र काढायला मी तो घरी आणला. माझे वडील, आबा, शिरोलीच्या एका फौंड्रीत होते. ओतीव मालाच्या कडा घासून साफ करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी दगड उजेडात धरला आणि खाचेतून अंगठा फिरवला.

"ह्यो मोडल्याला हाय की."

"न्हाय आबा, खाच मूळचीच हाय. सरांनी लिवलंय तसं."

"आत बघ, कड गोल, गुळगुळीत. आन् भाईरच्या तोंडाला खरखरीत. दुसरीबी तशीच. हितं भोक असणार, भाईरची पट्टी तुटली."

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आबा म्हणाले तसंच होतं.

सरांना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांनी भिंग लावून दोन्ही खाचा पाहिल्या.

"हे कुणी पाहिलं?"

"वडिलांनी." ते काय काम करतात तेही सांगितलं.

"मग दुसरी जात लिहायची?"

"कुठली, सर? बंद भोकांच्या जाती जीवाश्मांत बऱ्याच आहेत. याच्या पाकळ्याही झिजल्यात."

सरांनी स्वतःच पेन काढलं. दोन शब्दी शास्त्रीय नावातला दुसरा शब्द, म्हणजे जातीचा, खोडला. पहिला, प्रजातीचा, म्हणजे जवळच्या सगळ्या जातींना सामाईक असलेला, तेवढा ठेवला. "वडिलांना एकदा घेऊन या," म्हणाले.

घरी आबांनी विचारलं, "मग नाव काय पडलं त्याचं?"

"निस्तं आडनाव कळलंय."

"बरं झालं," म्हणाले आणि जेवायला बसले.

समितीने ते कपाट पाहिलंच नाही. आबाही कॉलेजात आले नाहीत. आधी फौंड्रीच्या पाळ्या असायच्या, मग सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे विभाग आला, तेव्हा कुणीतरी ती खोडाखोडीची चिठ्ठी बदलून छापील लावूया म्हणालं. मी नको म्हटलं. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.