पुठ्ठ्याचा कीबोर्ड

आमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला सगळ्यात जास्त घाबरले ते आमचे कॉम्प्युटरचे सर. मूळचे चित्रकलेचे. बीडला जाऊन कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि तज्ज्ञ म्हणून मिरवू लागले. पोरांचा हात लागला की मशीन जळतं, असं सांगून त्यांनी त्यावर चादर टाकली ती टाकलीच.

मग शिकवायचं कशावर? तर पुठ्ठ्यावर. सरांनी प्रत्येकाला कीबोर्ड आखून दिला. अक्षरं ए, बी, सी, डी अशी ओळीनं. मशीनवरची अक्षरं विस्कटलेली बघून, कंपनीनं हा नग चुकीचा पाठवला, असा शोध त्यांनी लावला होता. कुणाला विचारावं, ही बुद्धी काही त्यांना झाली नाही. चित्र मात्र सुबक होतं, ते नाकारत नाही.

तालुक्याला टायपिंगची स्पर्धा निघाली. आमचे आबा मेंढरं राखायचे. ते म्हणाले, "नंबर आला तर माजलगावच्या शाळंत घालतो. न्हाई तर चल मेंढरामागं. मी एकटा पुरा पडत न्हाई." मी तो पुठ्ठा घेऊन माळावर बसायचे. बोटं इतकी बसली की खाली बघायची गरजच उरली नाही.

स्पर्धेतही मी खाली बघितलं नाही. भराभर मारत सुटले. मान वर केली तर पडद्यावर नुसता कचरा. मग कीबोर्डकडं बघितलं. शेजारच्या मशीनवर बघितलं. सगळीकडं तीच विस्कटलेली अक्षरं. एकेक अक्षर शोधेपर्यंत बाकीची पोरं उठून गेली होती.

दारात उभे असलेले सर परीक्षकांना म्हणाले, "लेकरू घाबरलं." त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

बाहेर मी आबांना सांगितलं, पुठ्ठ्यावरची अक्षरंच चुकीची होती.

"सर चुकत्यात व्हय?" म्हणत त्यांनी मला गप्प केलं. मग सरांना हॉटेलात नेऊन चहा पाजला आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "सर, पोरीमुळं तुमाला खाली बघायची येळ आली. तेवढं पोटात घाला."

"असू द्या," सर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "समद्याच लेकरांना डोकं नसतंय."

आबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहाटेच उठवलं आणि माझ्या हातात काठी दिली.