उत्तर वर असतं

मी पोरांना शिकवलं होतं, उत्तर वर असते. भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून लावून. वर उत्तर, खाली दक्षिण. म्हणा. पोरं म्हणायची. मी खूश. केस तेव्हा काळे होते, बाटलीतल्या कलपानं का असेना, आणि माझ्याइतकी हुशार बाई अख्ख्या मंगळवार पेठेत नाही याची मला खात्री होती.

शाळा मतिमंद मुलांची. तेव्हा पाटीवर तोच शब्द होता. एकदा संस्थेचे अध्यक्ष वर्गात आले. मागं पाहुणे, कडक इस्त्रीचे. अध्यक्षांनी रेश्माला उभं केलं. गडमुडशिंगी गावची पोर, सतराची. विचारलं, "सांग बाळ, उत्तर कुठं आहे?"

रेश्मानं बोट वर केलं. सरळ छताकडं. पंख्याकडं.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचा भूगोल पंख्याला लटकला की."

पाहुणे हसले. रेश्मापण हसली. तिला वाटलं, आपलं उत्तर बरोबर आलं.

आणि मीही हसले. नोकरी टिकवणाऱ्या माणसाचं एक हसू असतं, दात दिसतात आणि डोळे खाली जातात. ते.

जाताना अध्यक्ष म्हणाले, "यांना मेणबत्त्याच करू द्या. नकाशा कशाला? यांना जायचंय कुठं?"

रेश्माची आई दारातच उभी होती. शेतातली भांगलण अर्धी टाकून रोज लेकीला न्यायला यायची. तिनं सगळं ऐकलं. अध्यक्षांची गाडी गेली, मग मला म्हणाली, "बाई, मी मेल्यावर हिला घरला कोण आणणार हाय?"

अध्यक्षांच्या बोलण्यानं मी नुसती लाजले होते. या बाईच्या प्रश्नानं डोकं फिरलं. पोर चुकलीच नव्हती. मी शिकवलं तेच तिनं दाखवलं. भिंतीवर उत्तर वरच असते. पण माणूस काय भिंतीवर राहतो व्हय?

दुसऱ्या दिवशी नकाशा उतरवला आणि कपाटावर टाकला. पोरांना अंगणात आणलं. फरशीवर खडूनं पेठ काढली. ही शाळा, ही पिठाची गिरणी, हा बसथांबा. आधी खडूच्या रस्त्यावर चाललो, मग गेटबाहेर खऱ्या रस्त्यावर. गिरणीचा वास आला की डावीकडं वळायचं. संध्याकाळी घरला जाताना ऊन पाठीवर घ्यायचं, म्हणजे तोंड पूर्वेला, गडमुडशिंगीकडं. पोरं चुकायची. एकजण मिसळीच्या वासामागं गेला आणि हॉटेलात टेबलावर जाऊन बसला. दिशा चुकली. अक्कल चुकली असं मी म्हणणार नाही.

बसची पाटी सगळ्यात अवघड. रेश्माला अक्षरं जोडून वाचता यायची नाहीत, पण आकार डोळ्यांत बसायचा. 'ग' दिसला की चढायचं, असं मी ठणकावून सांगितलं. तिच्या आईनं विचारलं, "आन् गांधीनगरच्या बशीला काय असतंय, बाई?" हे मला सुचलंच नव्हतं. बीएड झालेली बाई. मग परत पहिल्यापासनं. 'ग'च्या पुढं आणखी एक काठी, म्हणजे काना, दिसली, की ती बस सोडायची. पाटीवर हेच, पाण्यानं फरशीवर हेच, डब्यातल्या भातावर बोटानं हेच.

अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. समोरची खुर्ची रिकामी होती. बसा म्हणाले नाहीत.

"गेटबाहेर एकही पोर दिसता कामा नये. काही झालं तर जबाबदार कोण?"

हा प्रश्न आला की मी जन्मभर 'हो साहेब' म्हणत आले. त्या दिवशी खुर्ची ओढली. बसले.

"काही झालं तर मी. आणि रेश्माच्या आयुष्यात कधीच काही झालं नाही, तर कोण?"

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. पोरांना मी बाहेर नेणार. त्यांच्या आयांना विचारलंय. तुम्हाला विचारायला आले नाही."

कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण लिहिलं: मुलीला घरी जायचे आहे. खाली सही.

मग रेश्मा एकटी निघायचा दिवस आला. आई गावातल्या थांब्यावर वाट बघत थांबणार होती. मी रेश्माला शब्द दिला होता, मागनं येणार नाही. म्हणजे गेलेच. डोक्यावरनं पदर, डोळ्यावर काळा चष्मा, उसाच्या रसाच्या गाड्याआड. मला वाटत होतं, कोणी म्हणून ओळखणार नाही.

बस आली. पाटीवर मोठा 'ग'. थांब्यावरची सगळी गर्दी दाराकडं लोटली. कोणतरी रेश्मावर ओरडलं, "ए पोरी, चढ की. वाटंत काय खांब हाईस?" गर्दीत ती दिसेना. चढली, असं मला वाटलं. मी धावले, दोन बायकांना कोपर मारलं आणि मागच्या दारानं आत घुसले. आत रेश्मा नाही.

खिडकीतनं खाली बघितलं. ती थांब्यावरच उभी. पिशवी छातीशी धरून, लोकांचे धक्के खात, जागची न हलता. तिनं पाटीकडं परत एकदा बघितलं. मग माझ्याकडं. काळ्या चष्म्याकडं.

आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं, सावकाश, म्हणाली,

"बाई, उतरा. ही गांधीनगरची हाय. आन् उद्यापास्नं माझ्या मागनं येऊ नका."