विमानासाठी कुठे उभं राहावं

तारकर्लीला माझ्या भाच्याचं पर्यटकांसाठीचं छोटं घर आहे. तिथल्या जेवणाच्या खोलीत मी काढलेला एक फोटो लावलाय. काजूच्या शेंड्यांवरून उतरायला आलेलं विमान, बाहेर आलेली चाकं आणि एका अंगावर पडलेलं ऊन. मासे खाता खाता लोक विचारतात, हा कुठून काढला? भाचा म्हणाला, मामा, एकदा लिहूनच द्या कुठे उभं राहायचं ते, मी खाली चिकटवतो.

लिहायला बसलो. पण ती जागा मला कोणी दाखवली आणि तिथे माझ्या हातून काय झालं, हे गाळून लिहिता येईना. आता हे भिंतीवर मावणार नाही.

विमानांचा नाद मला मुंबईतल्या नोकरीत लागला. आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं की विमानं डोक्यावरून जात. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वाटलं, हे संपलं. मग आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, विमानतळ झाला. दिवसाला एखादं विमान, कधी तेही नाही. मुलाने कॅमेरा पाठवला आणि मी पुन्हा जागा शोधायला लागलो.

जागा शोधायची म्हणजे तीन गोष्टी बघायच्या. ऊन पाठीमागे हवं. आमची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम असल्यामुळे थंडीत आणि उन्हाळ्यात दक्षिणेच्या बाजूला उभं राहावं. दुसरी गोष्ट वारा. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणून सकाळी वारा डोंगराकडून असतो तोवर ते समुद्रावरून येतं आणि समुद्राकडून खारा वारा सुटला की उलट्या बाजूने. तिसरी गोष्ट कातळ. तो तापला की वरची हवा थरथरते आणि विमान पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. कुंपणाजवळून तर काही मिळतच नाही. जाळी मध्ये येते, शिवाय शिपाई येतो. मी त्याच्याशी कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलायचो. तो माझं ओळखपत्र बघून म्हणायचा, काका, जरा लांबून काढा.

लांबची जागा माझ्या चुलतभावाने दाखवली. तो माझ्याहून थोडा मोठा, जन्मभर गावातच राहिलेला. सड्यावर ढोरं सोडायचा आणि एका टेंगळावर, छोट्याशा उंचवट्यावर, सावलीत बसायचा. खाली काजूच्या बागा, त्यामुळे समोरची हवा थरथरत नसे. अशी जागा मी महिनाभर शोधत होतो. तो हसायचा.

"विमानाक शिंगां फुटली काय रे, रोज उठान बघूक जातंस? माझ्या ढोरांचे फोटो काढ. ती निदान उभी तरी रवतत."

टेंगळाच्या पायथ्याशी राखणदाराचा, म्हणजे सड्याची राखण करणाऱ्या देवाचा, दगड आहे. सड्यावर जाणारा माणूस त्याच्यापुढे विडी पेटवून ठेवतो. म्हणायचं ते म्हणायचं आणि विडी विझेपर्यंत तिथेच बसायचं, उठायचं नाही. भावाने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी विडी ओढत नाही, तरी एक बंडल कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवायला लागलो. गंमत म्हणून सुरू केलं. पण दोनदा विडी ठेवल्यावर चांगले फोटो आले आणि मग मी ती न चुकता ठेवू लागलो.

तो चैत्र होता. गवत वाळून पिवळं झालेलं, काजू झाडावर लागलेले. मी विडी पेटवली, दगडापुढे ठेवली, हवा स्वच्छ राहू दे म्हणालो आणि बसलो. विमान समुद्राकडून येणार या हिशेबाने मी निवांत होतो. पण खारा वारा त्या दिवशी लवकर सुटला होता. आवाज पूर्वेकडून आला. मी पिशवी तशीच टाकून टेंगळावर धावलो. विमान इतकं खाली आणि इतकं स्वच्छ मला पुन्हा कधी मिळालं नाही. भिंतीवरचा फोटो तोच. त्यातली काजूची झाडं त्यानंतर तासाभरात जळली.

वारा माझ्याकडून खाली बागांकडे होता, म्हणून मला धूर आला नाही. मी उभ्या उभ्या कॅमेऱ्यात फोटो बघत होतो. ओरडा ऐकून वळलो तेव्हा गवताची कड पेटत खाली निघाली होती. भाऊ ढोरं सोडून धावला होता आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडत होता. मीही खाली गेलो, झोडली. बागवाले आले तेव्हा आगीच्या तोंडाशी तो होता. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

आधीच्या वर्षी त्याने भाताच्या रोपांसाठी शेतात तरवा भाजला तेव्हा ठिणगी उडून शेजाऱ्याचं कुंपण जळलं होतं. तो विडीही ओढायचा. आग त्यानेच लावली म्हणायला लोकांना दुसरा पुरावा लागला नाही.

देवळात गाव बसला. एका गावकऱ्याने मला विचारलं, "तू थंय होतंस मां? तुका काय दिसला?"

घरात मी आजही मालवणीच बोलतो. पण त्या दिवशी देवळाच्या पायरीवर मी म्हणालो, "माझं लक्ष विमानाकडे होतं. मला काही दिसलं नाही." शिपायाशी बोलायचो तसंच. विमानतळाजवळ आग म्हणजे पोलीस येतील, कॅमेरा जाईल, मुलाला मुंबईहून यावं लागेल, असं सगळं डोक्यात होतं. पण ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो.

भाऊ एकदाच म्हणाला, मिया नाय.

आमच्या गावात शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते. पुढचा पहिला खांदा त्याच्या घराचा, वडिलांपासून. राखणदाराच्या जागेत आग लावणाऱ्याने देवाला खांदा द्यायचा नाही, असं ठरलं. पुढच्या शिमग्याला तो घरात बसला, त्याच्या पुढच्यालाही. पालखी त्याच्या अंगणात यायची तेव्हा वहिनी एकटी आरती घेऊन बाहेर येई. त्याने ढोरं विकली. भाजलेल्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. मी त्याच्याकडे जायचो, चहा प्यायचो, तो विमानाचं विचारायचा. मी सांगायचो. हे मी जवळजवळ तीन वर्षं केलं.

गेल्या हिवाळ्यात त्याला धाप लागायला लागली. मालवणला डॉक्टरला दाखवून आम्ही रिक्षाने परत येत होतो. तो म्हणाला, औंदा पण पालखी दारातसून बघूची. त्यात तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेलो.

तो अंगणात सुपाऱ्या सोलत होता, डाव्या हाताने. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने हातातली सुपारी सोलून सुपात टाकली. मग म्हणाला, "विडी विझासर थांबूक नाय तू?"

मी नाही म्हणालो.

"तुका सांगितलेलंय मिया."

"होय."

मी माफीचं काही बोलायला लागलो, तर त्याने हात वर केला, तोच हात. "माका कित्याक सांगतंस? आग मिया लावूक नाय ह्या माका ठावक आसा. ज्यांका ठावक नाय त्यांका जावन सांग."

त्याच आठवड्यात मी देवळात गाव बसवला आणि सांगितलं. कोणी ओरडलं नाही. ज्याची बाग जास्त जळली होती तो उठून निघून गेला. त्याच्या बागेचं मी काय भरून दिलं ते इथे लिहीत नाही, त्याने काही फिटत नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, मगे इतके दिस काय करी होतंस? खांदा भावाला परत द्यायचा ठरलं.

यंदाच्या शिमग्याला तो आला. धाप होती, म्हणून फार वेळ खांदा देऊ नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मधल्या घरांना दुसरे उभे राहिले. पण आमच्या वाडीत पालखी शिरली तेव्हा पुढे तोच होता.

दारात पालखी आली की घरच्याने खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं असतं. मी तांब्या घेऊन खाली वाकलो. लाल मातीने भरलेले त्याचे पाय माझ्यासमोर होते. मी पाणी घातलं, माती हाताने पुसली. वर बघितलं. दांड्यावरचा त्याचा हात पुरता मिटला नव्हता, म्हणून त्याने तो मनगटाने दाबून धरला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर माझ्या घराच्या दरवाजाकडे बघत होता. मी त्याला दादा म्हणून हाक मारली. ढोल वाजत होते. त्याला ऐकू आलं नसेल असं मला म्हणता येणार नाही, आम्ही हातभर अंतरावर होतो.

आरती झाली, नारळ झाला. पालखी उचलली गेली आणि तो पुढच्या घराकडे वळला.